दलालाचा रविवार

बँकेत कर्जाच्या रांगेत माझ्यापुढे घरांचा एक दलाल आणि त्याची धाकटी बहीण उभी होती.

"सही करायच्या आधी ऐक. घर घे, पण राहायला जाऊ नकोस. भाड्याने दे."

"दादा, पोरींचे दाखले काढलेत मी जुन्या शाळेतून!"

"परत नेऊन दे. गुंतवणूक म्हणून ती जागा सोनं आहे. राहायला म्हणशील तर मी कुत्रंही बांधणार नाही तिथे. मागच्या कारखान्याचा धूर थेट घरात येतो. वाळत घातलेले कपडे काळे पडतात, पोरं खोकून हैराण होतात."

"आपण गेलो तेव्हा तर हवा छान होती."

"रविवार होता. रविवारी कारखाना बंद असतो. गिऱ्हाइकांना मी रविवारीच नेतो."

"आणि मला?"

"सवयीने नेलं गं. चुकलंच माझं."

"आणि भाडेकरूंची पोरं खोकली तर?"

"हळू बोल. खिडकीपाशी माझं गिऱ्हाईक बसलंय. त्याच इमारतीत घेतायत."

"ती? अरे, सातवा महिना असेल तिला! सांगितलंस?"

"तिने विचारलं नाही."

"मी तरी कुठे विचारलं होतं, दादा?"