एका खिडकीसाठी एकोणीस दिवस

...आणि वरून तो व्हिडिओतला माणूस म्हणतो काय, "बहुत ही आसान है दोस्तों!" आसान है म्हणे! अरे बाबा, तुझा माऊस चालतो, तुझी लाईट जात नाही, तुझ्या मागून कोणी "आम्रे, शेळीला पाणी दाखवलं का?" असं ओरडत नाही, तुला आसानच असणार! तुम्हाला सांगते, एकोणीस दिवस मी ते घराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकत होते, एकटी, आणि एकोणीस दिवसांत मला पक्कं एवढंच आलं की ते बंद कसं करायचं.

आता तुम्ही म्हणाल, दहावीचं वर्ष, नांदूरघाटात राहते, हिला नकाशाचं काय पडलंय? तर त्याचं असं झालं, की आमचं घर बांधायचं ठरलं. चाँदचाचा मिस्त्री आले, खराट्याची काडी घेतली आणि मातीत दोन चौकोन काढले. "ही पुढली खोली, हा सैपाक. झालं." आमच्या गल्लीतली सगळी घरं चाचांनीच बांधलीत आणि सगळी ह्याच दोन चौकोनांची! पुढच्या खोलीला खिडकी, सैपाकाला नाही. मम्मी भाकरी चुलीवरच करते, कारण गॅसवरची पप्पांना गोड लागत नाही, आणि भाकरी होईपर्यंत तिचे डोळे असे होतात की नव्या माणसाला वाटावं, घरात काहीतरी वाईट घडलंय. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "चाचा, मागच्या भिंतीला चुलीच्या वर एक खिडकी ठेवा." बस! पण चार माणसं बसलेली, चहा चाललेला, मी तोंड उघडलं, नुसती हवा आली, आणि मी कपबशा उचलून आत गेले.

असं माझं आहे. तुम्ही मला दिसत नाही म्हणून एवढी तरी बोलतेय.

मग वाटलं, आपण नाही बोललो तर नकाशा बोलेल. मामाचा जुना लॅपटॉप घरी होता. त्याची बॅटरी मेलेली, वायर एका ठरावीक कोनातच लागणार, म्हणून वायरीखाली दोन वह्या आणि वर खलबत्त्यातला बत्ता. बत्ता हलला की लॅपटॉप गेला! मम्मीला ठेचा करायचा असला की माझं शिक्षण बंद.

पहिल्या दिवशी एक भिंत काढली. दुसऱ्या दिवशी ती सापडेना. तिसऱ्या दिवशी सापडली तर तिच्यावर आपोआप छप्पर आलेलं, आणि ते काही केल्या जाईना! तो म्हणतो, "बस, यहाँ क्लिक करना है." अहो, त्याच्या 'यहाँ'ला बटण आहे, माझ्या 'यहाँ'ला काहीच नाही! त्याचं सॉफ्टवेअर नवं, माझं जुनं, आता मी क्लिक करू तरी कुठं, बत्त्यावर? आसान है म्हणे!

आठव्या दिवशी घर पूर्ण झालं. पप्पांनी सांगितलेलं माप, सतरा बाय पंचवीस. आता दार बसवावं म्हणून यादीतलं दार उचलून ठेवलं, तर घर गायब! शोधते, शोधते... तर घर दाराच्या कोपऱ्याशी, मुंगीसारखं. मी फूट समजून आकडे भरले होते आणि ते धरत होतं मिलिमीटर. सतरा मिलिमीटरचं घर! आमच्या चौघांचं! मम्मीला दाखवलं तर ती पीठ मळता मळता म्हणते, "बरं हाय की. झाडायला लई लागनार न्हाई."

आणि त्या यादीत काय काय आहे म्हणता? बाथटब सहा प्रकारचे, पियानो आहे, पोहायचा तलाव आहे... चूल नाही. मोरी नाही. शेवटी चुलीच्या जागी गोऱ्या लोकांच्या बैठकीत असते ती भिंतीतली शेकोटी ठेवली. मम्मीनं निरखून बघितली. "आगं, हिच्यात भाकर उभ्यानं भाजायची का?"

अकराव्या दिवशी खिडकी बसली. खरंच! बरोबर शेकोटीच्या वर, मागच्या भिंतीला, मी हात मागे घेतला, डोळे भरून बघितलं... आणि लाईट गेली. सेव्ह? ते केलं असतं तर मी तुमच्याशी बोलत बसले असते का? पप्पा म्हणाले, "चाँदमिस्त्रीनं शंभर घरं बांधली लाईटीबिगर. तू दहावी तेवढी पार कर."

पण मी पुन्हा बसले, कारण रविवारी आखणी होती, आणि एकदा चुन्याची पांढरी फक्की जमिनीवर पडली की मग कोण कुणाचं ऐकतंय? ह्या वेळी म्हटलं, काम पक्कं करायचं, माप आपण स्वतः घ्यायचं. चाचांचा टेप आमच्याकडेच राहिला होता. मम्मीनं अलीकडचं टोक धरलं, मी पलीकडं गेले, आकडे वाचले, भरले. सईदाआपांच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद काढून आणला. त्या म्हणाल्या, "कुणाचा बंगला गं?" मला पुष्कळ सांगायचं होतं. मी म्हटलं, "हो."

रविवारी चाचा फक्कीचं घमेलं घेऊन आले. मम्मीनं मला मागून ढकललं, मी कागद पुढं केला. चाचांनी चष्मा पुसला आणि एवढा वेळ वाचलं की मला वाटलं, जिंकलो! मग म्हणाले, "बेटा, जागा सतरा फूट हाय. तू सतरा फूट चार इंच लिवलं. धुळाजीच्या भितीत घुसली का तू?"

शेजारचे धुळाजीकाका तिथंच दात घासत उभे. तोंडातला फेस सांभाळत म्हणतात, "येऊ द्या, येऊ द्या! पोरगी हाय, चार इंचानं काय व्हतंय!" सगळे हसले. 

चाचांनी आमच्याकडून परत घेतलेला तोच टेप कमरेचा काढून मला त्याचं टोक दाखवलं. "ह्याचे पयले चार इंच तुटलेत. सा वर्सं झाली. आपल्या मनानं चार कमी करायचे. समद्या गावाला माहीत हाय." बघा आता! ते सॉफ्टवेअर केसाएवढंसुद्धा माप धरतं, आणि टेप चारापासून सुरू होतो, हे एका व्हिडिओत सांगितलं असेल तर शपथ! आसान है म्हणे!

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला, तर चाचांचं बोट एका जागी थांबलेलं. "आन् हे काय?"

"...खिडकी."

आवाज आला! माझाच होता.

"सैपाकाला? कावून?"

"धूर होतो. मम्मीच्या डोळ्यांत."

कोणी हसलं नाही. पप्पा मम्मीकडं बघायला लागले, मम्मी जमिनीकडं. चाचा म्हणाले, "मंग हे तवाच म्हनायचं ना बेटा. मी काय चावतो का? ठेवू खिडकी." एका मिनिटात! आणि माझे एकोणीस दिवस?

मी म्हटलं, कागद तरी ठेवा जवळ. तर म्हणाले, "कागद माझ्यापशी टिकत न्हाई, बिडीला जातो. तू आसं कर. भितीचा पाचवा थर बसला की येऊन मोठ्यानं वरड, 'चाचा, खिडकी!' न्हाईतर माझा हात सवयीनं भित बंद करून टाकीन."

वरड! मी! भिंतीशी चार मजूर, पलीकडं धुळाजीकाका, आणि मी मोठ्यानं ओरडायचं!

जोतं झालं. आज भिंतीचा तिसरा थर बसलाय. काल सराव म्हणून गेले, उभी राहिले, तोंड उघडलं आणि निघालं, "चाचा, चहा!" मग सगळ्यांना चहा करावा लागला. चुलीवर. आता राहिले दोन थर... तुमच्या माहितीत ओरडायला शिकवणारा एखादा व्हिडिओ असला तर सांगा. फक्त तो "बहुत ही आसान है" म्हणणारा माणूस नको.