अण्णांच्या नंबरवर आलेला फोन

मला पहिल्यांदा काय खटकलं सांगू? माझे वडील, अण्णा, फोनवर कुणाला तरी विचारत होते, "पोराकडं शेती किती?" आणि घरात तर कुठल्या स्थळाचा विषयच नव्हता. मी साध्या रिंगनेही दचकते. हातातला चहा सांडलाच.

"कोण होतं, अण्णा?"

"जालन्याची बाई होती. तुझं वय, शिक्षण विचारून राह्यली. पोराचं काही सांगंना. मंग म्हणलं, आधी त्याचा फोटो पाठवा."

मग लक्षात आलं. नोकरीच्या वेबसाइटवर मी अण्णांचा नंबर दिला होता. आमच्या हसनाबाद गावात पोरीचा नंबर कुणी नेटवर टाकत नाही. मैत्रिणींना मुलाखतीचे फोन येत होते, मला का येत नाहीत ते आता कळलं.

"अण्णा, ती बियाणे कंपनीची बाई असंल. लॅबमधल्या नोकरीसाठी मी अर्ज केलाय."

"असू दे. परक्या लोकांनी तुला फोन करावा, बरं दिसतं का?"

"तुम्हाला केला तर नोकरी तुम्हालाच लागंल."

मी त्यांच्यासमोरच वेबसाइट उघडली, त्यांचा नंबर काढून माझा टाकला, आणि त्या बाईला माझ्या मोबाइलवरून फोन लावला.

"आण, मी बोलतो," अण्णांनी हात पुढं केला.

"न्हाई."

बराच वेळ कुणी उचलेना. अण्णांचा हात तसाच पुढं. मी पाठ फिरवून पुन्हा लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"जिला नोकरी पाहिजे, ती मुलगी. मी स्वतः बोलतेय."