ताईला मरू द्या

…नाही, पण मी म्हणतो, माणसाला साधं मरू देत नाहीत म्हणजे काय? हसताय काय? तुमच्या सख्ख्या बहिणीला भर तालमीत कोणी सांगितलं असतं, 'बाई, तुम्ही मरायचं नाही,' तर हसला असतात का? आमच्या ताईला सांगितलं! तोंडावर! आणि वर म्हणे, तुमच्याच भल्यासाठी!

थांबा, नीट सांगतो. आमची ताई ऑपेरात गाते. ऑपेरा म्हणजे ते हो, इटालियन, सगळं गाऊनच बोलतात, 'दार लाव' म्हणायला पाच मिनिटं लागतात आणि तोवर घरभर वारा भरतो… आणि आपल्याला कळावं म्हणून वर एका पाटीवर भाषांतराची अक्षरं उमटतात. तर अशा ऑपेरात ताई पंचवीसेक वर्षं मोलकरीण होती. म्हणजे भूमिका मोलकरणीची! त्या जुन्या, सगळ्यांना रडवणाऱ्या ऑपेरात नायिका शेवटच्या अंकात विष पिते, वीस मिनिटं गाते, पडते, की ताईने यायचं, तिच्यावर चादर घालायची आणि एकदा 'अरेरे' म्हणायचं. इटालियनमध्ये. संपलं काम. नायिका आल्या, मेल्या, बदलल्या. चादर तीच आणि चादर घालणारीही तीच. पण ऐकून ऐकून ते मरणाचं गाणं तिला असं पाठ झालं, असं पाठ झालं की ती अंघोळ करताना मरायची, भांडी घासताना मरायची, आणि आमचे भाऊजी बिचारे टॉवेल घेऊन मोरीच्या बाहेर उभे, 'झालं का गं मरून? मला कामावर जायचंय!'

भाऊजींचं काम तिथेच, त्याच नाट्यगृहात. पडदा. आता दोरी नसते, बटण असतं, हिरवं. कानात यंत्र, यंत्रातून हुकूम आला की बटण दाबायचं. आणि हुकूम ऐकण्यात भाऊजींचा हात कोणी धरणार नाही. या माणसाने जन्मात कोणाला 'नाही' म्हटलेलं नाही. चुकीच्या नंबरचा फोन आला तरी समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून दहा मिनिटं बोलतात.

तर यंदा काय झालं, मुख्य गायिका दुसरीकडे निघून गेली, ऐन वेळी दुसरी मिळेना, आणि कोणालातरी आठवलं की मोलकरणीला सगळं येतं. ताईला नायिका केली! पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी आमची ताई, नायिका! घरी आली आणि चपला न काढता तशीच खुर्चीत बसली. भाऊजी घाबरले. 'अगं, काय झालं?' तर म्हणते, 'मी मरणार!' आणि रडायला लागली आनंदाने. साधं मरायचं होतं हो तिला! जास्त काही मागितलं का?

आता आमची आई. ऐंशीला टेकलेली, कान कमी पण आवाज भरपूर. ती म्हणाली, 'मरणार असशील तर मी येणार नाही बघायला. एवढी वाढवली ती परक्या भाषेत मरायला? मोलकरीण होतीस ते काय वाईट होतं? जिवंत तरी होतीस!' ताईचा चेहरा उतरला. पण तरी ती म्हणाली, 'नको येऊस. मी मरणार.'

आणि मग आली ती नवी दिग्दर्शिका. तिशीची पोरगी, हुशार, डोळ्यांवर हा एवढा चष्मा. तिने राजवाडा काढून टाकला आणि रंगमंचावर पांढरंशुभ्र स्वयंपाकघर उभं केलं, पुढच्या कोपऱ्यात बाहेर जायचं दार, मध्ये एक भलामोठा फ्रिज, चारही अंक फ्रिजचं दार उघडं… का ते विचारायचं नाही. आणि पहिल्याच दिवशी म्हणते कशी, 'मॅडम, दीडशे वर्षं झाली, दर वेळी शेवटच्या अंकात बाई मरते. लिहिणारे पुरुष, वाजवणारे पुरुष आणि मरायला तेवढी बाई! माझी नायिका मरणार नाही.'

आता खरं सांगू, बोलणं काही खोटं नव्हतं. पण ताईला विचारा!

'अगं, पण विष?'

'बाटलीत पाणी आहे, मॅडम. प्रतीक आहे ते.'

'म्हणजे पाणी पिऊन मी वीस मिनिटं आतडी जळतायत म्हणून गायचं?'

'समाजामुळे जळतायत.'

'बरं. आणि मग?'

'मग तुम्ही चाकांची बॅग उचलायची आणि दारातून निघून जायचं. पडदा!'

'आणि नायक ओरडतो त्याचं काय? ती गेली, ती गेली म्हणून?'

'मग? गेलीच ना! दारातून!'

तुम्हाला सांगतो, ताईने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी गेली तिच्यासमोर आणि म्हणाली, 'हे बघ पोरी, तुझं तत्त्व तुझ्यापाशी. पण ते ढोल ऐक एकदा. शेवटचे. ते मेलेल्या बाईचे ढोल आहेत, गाडी पकडायला निघालेल्या बाईचे नाहीत. आणि इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मरणावर चादरी घातल्या. आज माझी पाळी आली तर तू मला जगवतेस?'

दिग्दर्शिका शांतपणे म्हणाली, 'मॅडम, बॅग उचलणारी दुसरी गायिका मिळेल मला.'

झालं! भाऊजी हात जोडून म्हणाले, 'उचल गं बॅग, बॅगच आहे ती.' आणि आई? आई तर हरखलीच! 'मरत नाही म्हणतेस? गुणाची आहे हो ती दिग्दर्शिका! मी येते. तिसऱ्या रांगेत बसव मला.' म्हणजे बघा, आईच्या येण्याची वाट बघण्यात हिचा जन्म गेला, आणि आता ती येणार ती कशासाठी, तर ही मरणार नाही म्हणून! आता बोला! ताईने बॅग उचलली. रोज तालमीत उचलली, दारातून गेली. सगळ्यांना वाटलं, निवळलं प्रकरण. मलाही वाटलं. साधं मरायचं होतं हो तिला… पण म्हटलं, सोडून दिलं असेल.

सोडतेय कसली!

पहिला प्रयोग. नाट्यगृह खचाखच. मी आणि आई तिसऱ्या रांगेत. तीन अंक झाले, मधेच आई माझ्या कानात… म्हणजे तिला वाटतं कानात, ऐकलं सगळ्या रांगेने… 'तो मफलरवाला तिच्या योग्यतेचा नाही.' मफलरवाला म्हणजे नायक, गळ्याला जपतो म्हणून बाहेर आम्ही त्याला मफलरच म्हणतो. चौथा अंक. ताईने बाटली घेतली, पाणी प्यायली आणि गायला लागली…

आता हे हसण्यावारी नाही सांगत. भांडी घासताना ऐकलेलं ते गाणं, तेच, पण माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशीची बाई नव्हती हो ती. तो फ्रिज दिसेना मला. ढोल सुरू झाले. ताई बॅगेपाशी गेली. दांडा हातात घेतला. बॅगेकडे बघितलं. आणि पायाने अशी एक ढकलली, तर रंगमंचाला असतो थोडा उतार, ती बॅग आपली गडगड गडगड करत एकटीच दारातून निघून गेली! बॅग जगली! आणि ताई आधी गुडघ्यावर बसली, मग आडवी झाली आणि मेली.

मफलर क्षणभर दाराकडे बघतो, क्षणभर ताईकडे, कोणावर रडायचं कळेना. शेवटी ताईवर पडला. 'ती गेली!' वर पाटीवर अक्षरं, 'ती गेली.' ढोल थांबले. संगीत संपलं. आणि पडदा?

पडदा नाही!

कारण भाऊजींना हुकूम होता, बाई दारातून गेल्यावर पडदा. आणि बाई तर पडलीय! कानात दिग्दर्शिका, 'गेली का?' भाऊजी, 'ग… गेली, पण गेली नाही.' 'उठवा तिला!' 'कशी उठवू? मेलीय ती!' 'मग पडदा नाही! उठेपर्यंत पडदा नाही!'

दिवे जळतायत. वादक वाद्यं खाली ठेवून वर बघतायत. मफलरच्या पायाला मुंग्या. भाऊजींचं बोट हिरव्या बटणावर अडलंय, कारण कानात एक बाई आणि समोर एक बाई, आणि दोघींपैकी कोणालाच 'नाही' म्हणायची त्यांना सवय नाही. आणि ताई? तिने नंतर सांगितलं मला. गाल गार लाकडावर, नाकात धूळ, शिंक दाबून धरलेली. म्हणाली, 'नोकरी गेली हे मला कळलं होतं रे. त्याचं काही वाटलं नाही. पण वाटलं, आई बघतेय. तिला खोटं सांगून बोलावलं मी. आता ती रडेल, आणि मला उठावं लागेल.'

शेजारी आईचा हात माझ्या हातात होता. तो सुटला. आई उभी राहिली. मी म्हटलं, 'आई, बस!' ती बसते? तिने वर पाटी वाचली, खाली ताईकडे बघितलं, आणि त्या एवढ्या मोठ्या शांततेत तिचा तो आवाज…

'जावईबापू! कुठे आहात? वर लिहिलंय ना, ती गेली म्हणून! लेक गेलीय माझी, आणि तुम्ही दिवे लावून लोकांना दाखवत काय बसलाय? झाका तिला!'

एक माणूस हसला नाही. शप्पथ.

भाऊजींनी कानातलं यंत्र काढलं. खिशात ठेवलं. आणि बटण दाबलं.

टाळ्यांचं मी काय सांगू! पण पडद्यामागे गेलो, तर ताई अजून आडवीच, गुडघे धरलेले. दिग्दर्शिका धावत आली, चष्मा ओला. 'मॅडम, तुम्ही माझं नाटक मोडलंत!' ताई झोपल्या झोपल्या म्हणते, 'हो.' 'मी उद्या काढू शकते तुम्हाला!' 'काढ. आज मी मेले. ते आता कोणी परत घेऊ शकत नाही.' तेवढ्यात आई पोचली. तिने त्या पोरीचाच हात धरला. 'तुझंच बरोबर होतं गं. मलाही ती जिवंतच हवी होती. पण ऐकते का ही कोणाचं?' ती पोरगी त्या उघड्या फ्रिजला टेकून खालीच बसली, हसतेय की रडतेय कळेना. चष्मा पुसून म्हणाली, 'बॅग तेवढी रोज दारातून जाऊ दे.' ताई म्हणाली, 'जाऊ दे बापडी.'

तर आता ताई रोज मरते, रीतसर. भाऊजी वेळेवर पडदा पाडतात. सगळं मनासारखं झालं म्हणाल तुम्ही. पण त्या दिवसापासून आई एक प्रयोग चुकवत नाही! तिसरी रांग, तीच खुर्ची. आणि परवा घरी आल्यावर म्हणते, 'आज घाई केलीस. आणि पडायच्या आधी गुडघा कशाला टेकतेस? मरणारं माणूस गुडघ्याला जपतं का?' अख्ख्या नाट्यगृहाशी भांडलेली आमची ताई… गपचूप ताटावरून उठली, जेवणाच्या टेबलाशेजारी पुन्हा एकदा पडून दाखवलं. आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली,

'हां, आता मेल्यासारखी वाटलीस. ऊठ, जेवून घे.'