पंपवाला म्हणतो, फिल्टर बदला!

...अन् वर मलाच म्हणतो, "आजी, तेल चांगलंय, फिल्टर बदला!" मेल्या, महिन्यात चार बदलले की! तुम्हाला सांगते, माझा मुलगा टेम्पोतून गोठ्यांवरचं दूध डेअरीत पोचवतो. आठच्या आत. दोनदा उशीर झाला, तर डेअरीवाल्यानं बजावलं, "तिसऱ्यांदा झाला की काम दुसऱ्या टेम्पोला!" अन् टेम्पो काय करतो? चढ आला की खोकतो, हुंदके देतो, बसकण मारतो!

मिस्त्रीनं फिल्टर उघडला... अगं बाई! आतल्या कागदाच्या घड्यांवर काळा चिकट गिलावा. मिस्त्री म्हणाला, "आजी, पंपवाला डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळतो. ते वाईट नसतं हो, पण ह्याचं निकृष्ट, वर पाणी प्यायलेलं. पाण्यावर शेवाळ धरतं, टाकीतला जुना मळही सुटतो, अन् सगळं येऊन अडकतं इथं." मी चौथी शिकलेली, पण मला कळलं! माझ्या बारावी पास मुलाला नाही कळलं. त्यानं काय करावं? फिल्टर साबणाच्या पाण्यात घातला अन् दात घासायच्या ब्रशानं घासला! माझ्या ब्रशानं! कागद फाटला, गाळ पुढं इंजिनात... आणि पंपवाला? फिल्टर बदला!

मग काल सकाळी मीही सोबत निघाले, तर टेम्पो मेला. कुठं? पंपाच्याच तोंडाशी! मागं दुधाचे कॅन, घड्याळात सव्वासात. मुलगा रडकुंडीला, "आई, गेलं गं काम!" मी म्हटलं, थांब. किल्ली काढली, पोलक्यात टाकली, म्हटलं, "हलवा आता कोण हलवतंय ते!" मिस्त्रीनं फिल्टरखालून काढलेलं तेल होतंच माझ्याजवळ बरणीत. धरली वर रांगेसमोर. "या हो या, पंपाचं सरबत! खाली पाणी, मधे शेवाळ, वर डिझेल! कुणाला बर्फ घालून हवंय?" लोक मोटारसायकली वळवून पळायला लागले!

पंपवाला मालक धावत आला. आता तो काय म्हणाला असेल? ओळखा! "आजी, फिल्टर..." मी म्हटलं, "फिल्टर राहू दे, तुझी गाडी काढ! दूध आठच्या आत पोचलं तर किल्ली मिळेल." काय करतो बिचारा? बिचारा कसला, चोरटा! त्याच्या त्या चकचकीत मोठ्या गाडीत कॅन चढवले, गादीवर दूध सांडलं, मी मुद्दाम दोनदा "अगंबाई" म्हणत सांडलं, अन् निघालो.

अर्ध्या वाटेत डिझेलचा काटा खाली. गडी गाडी वळवतो कुठं? दुसऱ्याच्या पंपावर! मी विचारलं, "का रे, तुझं तेल चांगलंय ना?" तर मान खाली घालून म्हणतो, "आजी... ही गाडी नवीन आहे."

आठला पाच कमी असताना पोचलो. काम राहिलं! मी आपली खुशीत. मिस्त्रीनं टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला. अन् आज सकाळी माझा दिवटा टाकी फुल्ल करून आला. कुठून? त्याच पंपावरून! मी म्हटलं, "अरे, का?" तर हसत म्हणतो, "आई, आता मालकाशी ओळख झालीय ना आपली!"

ह्याला मीच जन्माला घातलंय... बदलून कुठं मिळतंय?