सुनेचा गाऊन

हसू नका, खरं सांगून राहिलो. रायपूर राजधानी झाली, सुनेले सचिवालयात नोकरी लागली अन् तिथंच तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या तान्ह्या नातीचा उपास सुरू झाला. तिच्या आईनं काढून ठेवलेलं दूध होतं, पण पोट्टी बाटलीले तोंडच लावेना. मग मीच सुनेचा गाऊन चढवला, डोक्यावर ओढणी घेतली. आईचा वास येताच पोट्टी चुटूचुटू प्यायले लागली.

तेवढ्यात सुनेचे वडील आले, कडक हेडमास्तर. माझी पाठ पाहून म्हणाले, “पाज बेटा, मी बाहेर थांबतो.”

मी मिशीसकट वळलो. “या ना व्याहीबुवा, बसा!”

ते असे किंचाळले की पोट्टीनं बाटली सोडून भोंगाच लावला.

“तुमीच बिघडवलं, आता तुमीच पाजा,” म्हणत मी गाऊन उतरवून दिला.

संध्याकाळी सून दारातच थिजली. “बाबा, तुमी?”

हेडमास्तरांनी ओढणीतूनच दटावलं, “हळू बोल! पिऊन राहिली.”