रेघ कुठवर आली

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या शिंप्याला कानांशिवाय दुसरी करमणूक नव्हती. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिचा मुलगा बोलत होते.

"मालिका अडकते म्हणजे काय होतं, आई?"

"गोल गोल फिरतं. तुझ्या बोलण्यासारखं."

"राउटर बंद करून चालू केलास?"

"केला. टीव्हीही केला. आता तुलाच बंद करून बघायचं राहिलंय."

"टीव्हीवर काय लिहून येतं?"

"एका वेळी एकाच घरी बघता येईल. दुसरीकडे चालू आहे."

"दुसरीकडे कोण... ती अजून आपल्याच खात्यावर बघते? घटस्फोट झालाय, आई."

"तुझा झालाय. मी कुठं सही केली?"

"आण तो फोन. पासवर्ड बदलतो, दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत मोडण्यात तुझा हात कोण धरणार?"

"मग तू बघणार कधी?"

"तिचं झालं की. भागाखाली लाल रेघ असते ना, ती पुढं सरकलेली दिसली की समजायचं, पोर जेवूनखाऊन निवांत बसली होती."

शेजारचा बाक करकरला; मुलगा आईजवळ सरकला असावा.

"काल कुठवर आली होती रेघ?"

"हा घे फोन. माझ्या डोळ्यांत थेंब आहेत, तूच बघ."