सोडलेली द्राक्षं

(खानापूरच्या पुढं, डोंगरावरचं शेतघर. पडवीत वाइन चाखायला आलेले पाहुणे. मागं स्वयंपाकघरात जयाबाई, त्यांचा मुलगा दिग्विजय आणि सून स्वरूपा. कोपऱ्यात देवघर, सांजदिवा नुकताच लावलेला.)

जयाबाई : थुंकले, दिग्विजय. माझ्या डोळ्यांदेखत थुंकले.

दिग्विजय : आई, हळू. पडवीत ऐकू जातंय.

जयाबाई : जाऊ दे की. घोट घेतला, गालात खुळखुळवला आणि थूः! चूळ भरल्यासारखं. आणि तू शेजारी उभा राहून मान डोलावतोस.

दिग्विजय : अगं, वाइन चाखायची रीतच ती. इतक्या बाटल्या चाखायच्या, सगळं गिळलं तर माणूस खुर्चीतनं उठेल का? वास घ्यायचा, चव घ्यायची, टाकून द्यायचं. गोव्याचे हॉटेलवाले आहेत ते, कामच आहे त्यांचं.

जयाबाई : आणि थुंकायला दिलंस काय? माझं पितळी पातेलं. नैवेद्याची खीर शिजते रं त्यात!

स्वरूपा : आत्या, ते मी दिलं. बादली पिरनवाडीच्या घरीच राहिली. हे म्हणाले, एखादं चांगलं दिसणारं भांडं दे.

जयाबाई : चांगलं दिसणारं! थुंकायला!

दिग्विजय : चिंचेनं घासलं की झालं. भांड्यावरनं आता भांडू नको. त्यांनी तुला बाहेर बोलावलंय. मळ्याबद्दल दोन शब्द बोल. आज त्यांच्या मनात भरलं, तर आपली बाटली गोव्यात दिसेल.

जयाबाई : मी काय बोलू? मघाशी तूच सांगितलंस की सगळं. पुण्याची नोकरी सोडली, माती तपासली, ठिबक आणलं, खडकात मळा उभा केला.

दिग्विजय : खोटं आहे का त्यात काही?

जयाबाई : खोटं न्हाय. मी न्हाय त्यात.

दिग्विजय : म्हणजे?

जयाबाई : पहिल्या साली सगळी रोपं वाळली. ह्याच ओट्याला टेकून रडत होतास. तवा मी देवापुढं काय बोलले, आठवतं?

दिग्विजय : तू रोजच काहीतरी बोलतेस देवापुढं.

स्वरूपा : अहो...

दिग्विजय : काय अहो? सोमवार, संकष्टी, चातुर्मास. कुठलं कुठलं लक्षात ठेवू मी?

स्वरूपा : आत्यांनी द्राक्षं सोडलीत. तुमच्या मळ्याला फळ धरेपर्यंत.

दिग्विजय : द्राक्षं?

स्वरूपा : सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा वेचून बाजूला काढतात. बघितलं नाही कधी?

दिग्विजय : मला वाटलं, शुगर आहे म्हणून.

जयाबाई : शुगर! तुझा बाप निपाणीच्या बाजारातनं द्राक्षं आणायचा, ती मी एकटी संपवायची. मला लई आवडायची म्हणूनच सोडली. डोंगरावरचा पहिला घड देवाला ठेवीन, मग तोंडात घालीन, असं बोलले होते. आणि धरला घड. मी त्याला लाल धागा बांधला.

दिग्विजय : लाल धागा? शेवटच्या ओळीत, कडेला?

जयाबाई : ठाऊक हाय की तुला.

दिग्विजय : आई, लाल म्हणजे तयार झालेला. आम्ही लाल फिती बांधल्या होत्या सगळीकडं. गड्यांना मीच सांगितलं, लाल दिसेल ते आधी कापा.

जयाबाई : आधीच कापला त्यांनी. मी परडी घेऊन गेले, तर मळ्यात एक घड न्हाय. पाखरांनासुद्धा ठेवला न्हाईस.

दिग्विजय : मग तेव्हाच का नाही बोललीस?

जयाबाई : तुझं पहिलं पीक. कसं तोंड वाजवू? म्हटलं, टाकीत गेला तर गेला, कुणाच्या तरी पोटात जाईल, देवाला पोचेल. फाल्गुनापासनं ह्याच समजुतीवर बसले होते. आज बघते, तर पोटात बी न्हाय!

दिग्विजय : चुकलं माझं. पण वाइनसुद्धा द्राक्षंच की. त्याच घडाची आहे. चमचाभर देवापुढं ठेवू, तीर्थ म्हणून घे तू.

जयाबाई : तीर्थ? हे? जीभ कशी वळली रं तुझी?

दिग्विजय : बरं, मग पुढच्या फाल्गुनात अख्खी ओळ तुझी. कात्री लावणार नाही कोणी. पण आत्ता बाहेर ये. देव थांबेल गं, ती माणसं थांबायची नाहीत.

जयाबाई : देव थांबेल?

दिग्विजय : तसं नव्हतं म्हणायचं...

जयाबाई : तसंच म्हणायचं होतं. देव थांबेल, आई थांबेल. त्यांना काय काम हाय दुसरं! ऐक मग. तुझी ओळ तुझ्यापाशी ठेव. आजपासनं जन्माची सोडली मी द्राक्षं. ह्या दिव्यासमोर सांगते.

स्वरूपा : आत्या!

दिग्विजय : आई, रागात बोललीस. रागातलं धरायचं नसतं.

जयाबाई : ...बोलले मी.

दिग्विजय : मग घे की मागं. कोण विचारतंय?

जयाबाई : नेम म्हणजे काय तुझी वाइन हाय व्हय, तोंडात घेऊन टाकून द्यायला?

दिग्विजय : त्यांना जायला सांगू का मी?

जयाबाई : कशाला? दारात आलेली माणसं. जा, बस त्यांच्याजवळ.

दिग्विजय : आणि तू?

जयाबाई : जा म्हटलं न्हवं.

स्वरूपा : गेले हे पडवीत. आत्या, बसा हितं. पाणी देऊ?

जयाबाई : नको. स्वरूपा, तू खाल्लीस न्हवं गं, वेलीवरची?

स्वरूपा : खाल्ली.

जयाबाई : कशी लागतात?

स्वरूपा : लहान असतात, आत्या. साल जाड. आधी नुसतं आंबट लागतं, मग...

जयाबाई : सावकाश सांग.